चार कोटी अंकांची मूळ संख्या : ती मूळ आहे हे ठरवलं कसं, आणि एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

संजू_हरिपूरकर
मंडळी, गणिताचा धागा आहे, लगेच मागं फिरू नका. विश्रामबागेत आमचा चहाचा कट्टा बसतो, तिथं काल यावरनं जाम वाद झाला, शेवटी चहावाल्यानं बाकडी उचलायला घेतली म्हणून विषय इथं आणतोय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या जाहीर झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. एकूण अंक ४,१०,२४,३२०. शोधणारा ल्यूक ड्युरांट, अमेरिकेतला, आधी एनव्हिडियात होता. इथवर सगळ्यांना मान्य, भांडण पुढं. एक मित्र म्हणतो बँकांचं सगळं गुपित असल्याच आकड्यावर चालतं म्हणून तर शोधतात. मला ते पटत नाही पण खोडता पण येत नाही. आणि माझा दुसराच प्रश्न आहे. शाळेत आपल्याला शिकवलं की वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, कशानंच भाग गेला नाही तर मूळ. आता ह्याचं वर्गमूळच दोन कोटी अंकांचं, मग भागून बघितलं कुणी आणि कधी? का नुसतं म्हणायचं आहे म्हणून आहे?

भडंग_आणि_चहा
पहिला नंबर माझा. गणितात नाही, प्रतिसादात.

मिरजवाली
आकडा केवढा ते आधी नीट डोळ्यासमोर आणा. एक अंक तीन मिलिमीटर रुंदीचा धरून एका ओळीत लिहीत सुटलात तर १२३ किलोमीटर होतात, म्हणजे सांगलीतनं लिहायला सुरुवात केली की साताऱ्याच्या आसपास संपणार. सेकंदाला एक अंक वाचला, झोप नाही जेवण नाही, तरी ४७५ दिवस.

भडंग_आणि_चहा
पेठ नाक्याला वडापाव खायला थांबलं तर कुठला अंक चालू होता ते विसरणार की ओ.

गणूमास्तर_सातारा
संजूभाऊ, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. रयतच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालोय, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भागून कुणीच बघितलेलं नाही आणि बघताही येणार नाही. ही संख्या खास साच्यातली आहे, २ चा काहीतरी घात वजा १, म्हणून तिला खास चाचणी लागू पडते. असल्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, मरँ मर्सेन नावाचे फ्रेंच धर्मगुरू होते १५८८ ते १६४८, त्यांच्या नावावरनं. चाचणीचं नाव ल्युका-लेमर. ती इतकी सोपी आहे की आठवीतलं पोरगं करेल, फक्त आकडे लहान पाहिजेत.

करा असं. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिनं भागून फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, वजा २, बाकी. घात जर प असेल तर हे प वजा २ वेळा करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. मधलं काही नाही.

उदाहरण २^५ − १ म्हणजे ३१. घात ५, म्हणून तीन वेळा. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, ३१ नं भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, ३१ नं भागून बाकी ० झाली. ३१ मूळ. ३१ ला कुणाकुणानं भाग जातो हे आपण एकदाही विचारलं नाही, बघा.

संजू_हरिपूरकर
मास्तर नाद खुळा! पण ३१ मूळ आहे हे मला आधीच माहीत होतं. न जमणारं एखादं उदाहरण द्या की.

गणूमास्तर_सातारा
२^११ − १ = २०४७ घ्या. वहीत केलंय, नऊ पायऱ्या अशा: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही आलं, म्हणून २०४७ मूळ नाही. आणि खरंच २०४७ = २३ × ८९. पण गंमत अशी की चाचणीनं नुसतं "मूळ नाही" एवढंच सांगितलं, २३ आणि ८९ तिनं आपल्याला सांगितले नाहीत. ते वेगळे शोधावे लागतात.

कोयना_एक्सप्रेस
हे शेवटचं वाक्य जरा परत वाचा सगळ्यांनी, अख्ख्या विषयाचा जीव तिथं आहे. संख्या फुटते हे कळणं आणि कुठं फुटते हे कळणं ही दोन वेगळी कामं. २^१२७७ − १ बघा, फक्त ३८५ अंकी आहे, ती मूळ नाही हे कधीचं ठरलंय, पण तिचा एकही अवयव आजवर कुणाला सापडलेला नाही.

हळद_मार्केट
म्हणजे पोलिसांना माहितंय चोरी झाली पण चोर माहीत नाही. रोजचंच आहे.

नीलिमा_इस्लामपूर
मर्सेनबाबांचं पण सांगा ना मास्तर. त्यांनी १६४४ मध्ये यादी दिली होती की २५७ पर्यंतच्या कुठल्या घातांना मूळ संख्या मिळते. २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले आणि ६१, ८९, १०७ त्यांच्याकडनं सुटले. पण कॅल्क्युलेटर नसताना एवढी यादी द्यायला पण छाती लागते.

६७ चा किस्सा मला फार आवडतो. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल नावाचे गणितज्ञ अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत उठले, फळ्यावर एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, आला १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. तेच उत्तर. तोंडातनं शब्द न काढता जागेवर जाऊन बसले आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. यादी येऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली होती. २^६७ − १ मूळ नाही हे ल्युकांनी १८७६ मध्येच दाखवलेलं, पण अवयव मिळायला कोलबाबा यावे लागले. कोयना_एक्सप्रेस म्हणतात तेच.

भडंग_आणि_चहा
न बोलता काम करणारा माणूस, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला पाठवा एकदा.

वसंतदादा_चौकातला
मी जरा वाकडं बोलतो. एवढी वीज, एवढ्या मशिनी, हजारो ग्राफिक्स कार्डं जाळून एक आकडा मिळाला जो कुणी लिहिणार नाही, वाचणार नाही, कशात वापरणार नाही. इकडं कृष्णेला पूर आला की पाणी किती फुटांवर जाईल याचा नीट अंदाज हवा असतो, तिथं लावा की ही कार्डं. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मग विज्ञान विज्ञान म्हणून मिरवू नका.

कोयना_एक्सप्रेस
वसंतदादा, पैसा त्यानं स्वतःचा घातलाय, तुमच्या घरपट्टीतनं गेला नाही. सतरा देशांतल्या डेटा सेंटरमधली कार्डं भाड्यानं घेऊन हा उद्योग केला. आकडा आधी डब्लिनमधल्या एका कार्डानं हेरला, मग दुसऱ्या मशिनींवर ल्युका-लेमर लावून खात्री केली. बक्षीस किती मिळालं? ३००० डॉलर, ते पण त्यानं शाळेला द्यायचं ठरवलं.

हळद_मार्केट
३००० डॉलर! लाईट बिल तरी निघालं का त्यात?

कोयना_एक्सप्रेस
मोठी बक्षिसं पुढं आहेत. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं दहा कोटी अंकांच्या मूळ संख्येला दीड लाख डॉलर लावलेत आणि शंभर कोटी अंकांच्या संख्येला अडीच लाख. आत्ताची चार कोटींवर आहे, म्हणजे अजून निम्म्यात पण नाही.

प्रोसेसर_पाटील
मी हॉस्टेलला असताना हे प्रकरण प्रत्यक्ष चालवलेलं आहे. गिंप्स म्हणून प्रकल्प आहे, जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला, कुणीही सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं आणि आपल्या कॉम्प्युटरला एक घात वाटणीला येतो, तो तपासत बसतो. आमच्या लॅबमध्ये शनिवार-रविवार कुणी नसायचं, चार मशिनींवर लावून ठेवायचो, सोमवारी लॅब असिस्टंट म्हणायचे अरे ह्या पेट्या एवढ्या तापल्यात कशानं. सापडलं काही नाही. सापडत नसतंच हो, आत्तापर्यंत जगात मर्सेन मूळ संख्या माहीत झाल्यात त्याच मुळी ५२.

वसंतदादांना एक सांगायचंय. उपयोग दारातनं येत नाही, खिडकीतनं येतो. ह्या सॉफ्टवेअरनं प्रोसेसर पिळून निघतो म्हणून नवीन मशीन जोडली की ती टिकते का बघायला लोक हेच चालवतात. आणि १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत बसले होते, म्हणजे ११-१३, १७-१९ असल्या जोड्यांची, तर उत्तर कुठंतरी किंचित चुकायला लागलं. शोधता शोधता निघालं की इंटेलच्या पेंटियम चिपमध्येच भागाकाराची चूक आहे. कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा फटका बसला. माणूस बसला होता रिकामटेकडं गणित करत!

वसंतदादा_चौकातला
हे बरं आहे. पण चूक सापडली ती योगायोगानं. योगायोगाला उपयोग म्हणायला लागलो तर माझ्या पत्ते खेळण्याचाही उपयोग निघेल.

मिरजवाली
आकडा न बघता त्याच्याबद्दल किती सांगता येतं बघा, मला यातच खरी मजा वाटते. शेवटचे दोन अंक ५१. कारण २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक २० घातांनी परत परत येतात आणि १३,६२,७९,८४१ ला २० नं भागून बाकी १, म्हणून २ चा तो घात ५२ वर संपतो, एक वजा केला की ५१. सगळ्या चार कोटी अंकांची बेरीज करा, त्या बेरजेची परत बेरीज, असं एक अंक उरेपर्यंत करत गेलात तर ४ उरतात. आणि समजा आज सोमवार आहे, तर एवढ्या दिवसांनी कुठला वार? ७ नं भागून बाकी ३ येते, म्हणजे गुरुवार.

भडंग_आणि_चहा
म्हणजे त्या दिवशी पण उपास. मटण नशिबात नाही.

नीलिमा_इस्लामपूर
मिरजवाली ताई, अजून एक. कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत हा आकडा लिहिला तर नुसते १ च १, एकापाठोपाठ १३,६२,७९,८४१ एक. मध्ये एकही शून्य नाही.

यावरनं आपले कापरेकर आठवले. द. रा. कापरेकर, देवळालीला शाळामास्तर होते, ६१७४ वाले. त्यांना ११, १११, ११११ असल्या आकड्यांचा भारी नाद, त्यांच्या वर्गांना १२१, १२३२१ असं सुंदर रूप येतं, त्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, रेल्वेच्या एका स्टेशनावरनं. तर आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतसुद्धा नुसत्या एकांच्या मूळ संख्या आहेत, ११ आहे, मग थेट १९ वेळा १, मग २३ वेळा १, त्यानंतर ३१७. मधल्या सगळ्या फुटतात.

हळद_मार्केट
६१७४ म्हणजे काय ओ?

नीलिमा_इस्लामपूर
कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजाबाकी करा, परत तेच. २०२४ घ्या: ४२२० − ०२२४ = ३९९६. ९९६३ − ३६९९ = ६२६४. ६६४२ − २४६६ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. आता कितीही करा, तिथंच.

हळद_मार्केट
च्यायला. गाडीच्या नंबरावर करून बघितलं, आलं!!

संजू_हरिपूरकर
धागा भरकटला तरी चालेल पण माझा बँकेचा प्रश्न राहिलाय हे लक्षात असू द्या. मधल्या मधे एक गंमत, आमच्या सांगलीचा पिन कोड ४१६४१६. हे ४१६ × १००१, आणि १००१ = ७ × ११ × १३. एका नजरेत फुटला.

अजिंक्यतारा_रहिवासी
साताऱ्याचा ४१५००१. १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, कशानंच जात नाही. सातारकर असा सहजासहजी फुटत नसतो भावा, मूळच आहे तो.

कोयना_एक्सप्रेस
१०० पर्यंत पुरत नाही, वर्गमूळ ६४४ च्या वर जातं. अजून बरंच चालायचंय.

गणूमास्तर_सातारा
आपल्याच गावाला फोडायला लागतंय, पण फोडतो. एका पायरीत.

फर्माची युक्ती आहे. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, ६४५. तिचा वर्ग ४,१६,०२५. त्यातनं ४,१५,००१ वजा करा. उरले १०२४. हा ३२ चा वर्ग! म्हणजे आपला पिन कोड ६४५ चा वर्ग वजा ३२ चा वर्ग. आठवीतलं सूत्र आठवा, (६४५ − ३२)(६४५ + ३२), म्हणजे ६१३ × ६७७. दोन्ही मूळ.

अजिंक्यतारा_रहिवासी
मास्तर, घरचा भेदी! निदान दोन तगड्या संख्यांत फुटलाय, सांगलीसारखा २, २, २ करत नाही.

संजू_हरिपूरकर
कराडकर कुठायत? ४१५११०, शून्यावर संपतो, त्यांनी बोलूच नये.

कोयना_एक्सप्रेस
थांबा थांबा, ह्या पिन कोडात संजूच्या बँकेच्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी सिक्युरिटीत काम करतो म्हणून लिहितो.

आरएसए नावाची पद्धत १९७७ ची आहे. त्यात दोन मूळ संख्या गुणायच्या, गुणाकार जगाला सांगायचा, त्या दोन मात्र लपवायच्या. ६१३ × ६७७ कुणीही चुटकीत करेल, पण ४१५००१ देऊन दोन्ही काढा म्हटलं तर घाम. मास्तरांना एका पायरीत सुटलं कारण ६१३ आणि ६७७ एकमेकांच्या फार जवळ आहेत, म्हणूनच खरी किल्ली बनवताना दोन्ही संख्या जवळजवळच्या घेत नाहीत. सध्या सर्रास वापरतात ती २०४८ बिटांची, गुणाकार ६१७ अंकी, दोन्ही मूळ संख्या तीनशे आठ-नऊ अंकी. आव्हान म्हणून जाहीर केलेल्या असल्या आरएसए संख्यांतली आजवर फोडलेली सगळ्यात मोठी २५० अंकी, २०२० मध्ये. त्यामुळं ६१७ सध्या तरी निवांत आहे.

आता मित्राचं म्हणणं का चूक. चार कोटी अंकांची ती संख्या बँकेच्या काही कामाची नाही. एक तर अवाढव्य, दुसरं म्हणजे ती सगळ्या जगाला माहीत. माहीत असलेली मूळ संख्या गुपितात घालून काय उपयोग? बँकेला लागतात नव्या, कुणी न बघितलेल्या, तीनशे अंकी. आणि त्या ढिगानं आहेत, तेवढ्या आकाराच्या साधारण ७१० संख्यांमागं एक मूळ असते. तुमचा मोबाईल यदृच्छेनं एक आकडा उचलतो, तपासतो, नाही निघाला तर पुढचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मिळते.

संजू_हरिपूरकर
पण मोबाईल तरी तपासतो कसा? ल्युका-लेमर तर फक्त मर्सेनवाल्यांना चालते म्हणालात.

कोयना_एक्सप्रेस
फर्माचाच दुसरा नियम. 'न' ही संख्या मूळ असेल आणि 'अ' या दुसऱ्या संख्येला तिनं भाग जात नसेल तर अ चा (न − १) वा घात न नं भागून बाकी १ येते. नाही आली तर न मूळ नाही, विषय संपला, अवयव माहीत नसले तरी. पण आली म्हणून मूळच असं नाही. ३४१ = ११ × ३१, तरी २ घेऊन बघितलं तर १ येते, ३ घेतलं की चोरी पकडली जाते. ५६१ तर त्याच्याही वरचा, सहमूळ असा, म्हणजे ५६१ शी सामाईक अवयव नसलेला, कुठलाही अ घ्या, पास होतो. म्हणून जरा कडक चाचणी वेगवेगळे आकडे घेऊन बऱ्याच वेळा लावतात, चुकायची शक्यता इतकी कमी होते की व्यवहारात कुणी बघत नाही.

नीलिमा_इस्लामपूर
आणि शक्यता-बिक्यता नको, पक्कं पाहिजे असेल तर २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कुठल्याही संख्येला लागू होणारी, वाजवी वेळात संपणारी, शंभर टक्के खात्रीची पद्धत दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले. जगभर गाजलं होतं ते.

प्रोसेसर_पाटील
पण प्रत्यक्षात ती धीमी पडते, म्हणून विक्रमी संख्या अजून मर्सेनच असतात. चार कोटी अंकांवर ल्युका-लेमरच चालायची, तिला पण वर्ग-वजा दोन-बाकी हे तेरा कोटींवर वेळा करायला लागलं, आणि प्रत्येक वर्ग चार कोटी अंकांच्या आकड्याचा.

वसंतदादा_चौकातला
म्हणजे मोठ्या आकड्याचा उपयोग नाही हे तुम्हीच मान्य केलं. धन्यवाद.

कोयना_एक्सप्रेस
आकड्याचा नाही, मान्यच. ते शोधायला मोठ्या संख्यांचे गुणाकार झटपट करायच्या ज्या रीती बसवल्या त्या राहतात. कोलबाबांना पण कुणी विचारलं असेलच उपयोग काय.

वसंतदादा_चौकातला
विचारलं असेल, पण ते बोलले कुठं.

मिरजवाली
😂😂 दादा, हा तुमचा.

गणूमास्तर_सातारा
ज्यांना हात चालवायचाय त्यांनी २^१३ − १ = ८१९१ तपासा. अकरा पायऱ्या. कॅल्क्युलेटर चालेल. शून्य आणून दाखवणाऱ्याला माझ्याकडनं कंदी पेढे.

हळद_मार्केट
थोरलीला बसवलं, मी नुसता बाकी मोजायला. १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८ आणि मग १२८ चा वर्ग १६३८४, वजा २, १६३८२, बरोब्बर ८१९१ ची दुप्पट. शून्य! मास्तर, पेढे मोती चौकातनं का राजवाड्यावरनं ते कळवा, रविवारी येतोच आहे.